समुद्राला समांतर की काटकोनात? किनाऱ्याजवळच्या माउंटन बाइक वाटांबद्दल

चाकोरी:

किनाऱ्यालगत माउंटन बाइक चालवायची तर वाट कुठली, असं विचारणारे निरोप मला अधूनमधून येतात. विचारणाऱ्याच्या मनातलं चित्र ठरलेलं असतं. उंच कडा, त्याच्या अगदी काठानं जाणारी अरुंद वाट आणि खाली लाटा. मीही तेच चित्र घेऊन सुरुवात केली होती. आज मला ते चित्रच चुकीचं वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की कड्यावरची पायवाट चालणाऱ्यांना सोडावी. सायकलीची वाट आतून न्यावी, शेतांमधून, टेकड्यांच्या धारेवरून, पूर्वी गुरं हाकत नेत त्या रुंद गवताळ रस्त्यांनी. समुद्राला तिनं काटकोनात भेटावं. दिवसातून एकदा-दोनदा एखाद्या खोऱ्यातून खाली उतरायचं, पाण्यात पाय बुडवायचे आणि पुन्हा वर चढायचं. दिवसभर किनारा सोडायचाच नाही, हा हट्ट सोडून द्यावा.

हे मत कसं झालं ते सांगतो. इंग्लंडमध्ये वाटांच्या खांबांवर रंगीत बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडेवाट, तिथं सायकलही चालते. पहिल्याच वर्षी मला हे नीट माहीत नव्हतं आणि मी एका कड्यावर पिवळ्या बाणामागे गेलो. माझा हँडलबार ७८० मिलिमीटरचा. वाट दोन्हीकडच्या काटेरी गॉर्सच्या झुडपांतून जेमतेम दोन फूट रुंद. डाव्या मुठीला फांदी अडकली की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळायचं. जरा पुढे झुडपं संपली आणि समोरून एक वयस्कर जोडपं आलं. मी ब्रेक लावून पाय टेकला. मी काही बोलायच्या आत ती दोघं बाजूला झाली, आणि झाली ती समुद्राच्या बाजूला. आतली, सुरक्षित बाजू त्यांनी मला दिली. बाईंच्या बुटाखालचा गवताचा झुपका काठावर हलताना मला दिसला. त्या हसून "या, या" म्हणत होत्या.

तो खडूचा, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीचा, कडा होता. खडूच्या कड्याला वरून दिसणारी हिरवळ आणि खालची भिंत एका रेषेत असतीलच असं नसतं. कित्येकदा गवताखाली काहीच नसतं. १९९९ च्या जानेवारीत बीची हेड या अशाच कड्याचा केवढा मोठा भाग समुद्रात कोसळला होता! त्या दिवशी मी उतरलो आणि पुढची सगळी वाट सायकल ढकलत काढली. तेव्हापासून पिवळ्या बाणामागे चाक नेलेलं नाही.

आता दुसरी बाजू. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवरून जाणारी, विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही साउथ डाउन्स वे, सुमारे १६० किलोमीटरची. १९७२ साली खुली झाली ती घोडेवाट म्हणूनच. पूर्वेच्या टोकाला ॲल्फ्रिस्टन गावापाशी तिला दोन फाटे फुटतात. चालणारे कुकमिअर नदीच्या काठानं समुद्राकडे जातात आणि सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून ईस्टबोर्न गाठतात. घोडे आणि सायकली आतून, विंडओव्हर हिल चढून, जेव्हिंग्टन गावातून. मला आधी हा सायकलवाल्यांवर अन्याय वाटायचा. मग ती आतली वाट तीनदा केली. विंडओव्हरची चढण दमवते. वर पोचून मागे वळलं की दक्षिणेला कुकमिअरचं खोरं आणि त्याच्या तोंडाशी समुद्राचा तुकडा दिसतो. थोड्या वेळानं तो पुन्हा टेकडीआड जातो. जेव्हिंग्टनचा उतार, परत चढ, आणि ईस्टबोर्नच्या डोक्यावर आलं की अख्खा समुद्र समोर. हा समुद्र मला कड्यावरच्या समुद्रापेक्षा मोठा वाटतो. काठावर चालवताना मी समुद्र बघतच नव्हतो, पुढचे तीन मीटर बघत होतो.

तुमची मतं वाचायला आवडतील. विरोधी असली तरी.


खारा वारा:

असहमत. चाकोरी, प्रसंग तुम्ही मनापासून लिहिला आहे आणि त्या बाईंची काळजी मलाही वाटली. पण एका अरुंद वाटेवरचा एक प्रसंग घेऊन तुम्ही जगभरचा किनारा सायकलींना बंद करताय.

स्कॉटलंड बघा. तिथल्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं बहुतेक सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीनं वावरायचा हक्क दिला. पायी, घोड्यावर, सायकलवर, सगळ्यांना. तिथं प्रश्न "तू कशावर बसला आहेस" असा नसतो, "तू कसा वागतोस" असा असतो. याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक हक्काच्या वाटांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा सायकलींना खुला आहे. त्यातही २००९ च्या कायद्यानं इंग्लंडच्या सगळ्या किनाऱ्याभोवती वाट करायचं ठरलं तेव्हा हक्क दिला तो फक्त पायी जाण्याचा. म्हणजे कोरी पाटी मिळाली होती, तेव्हाही आम्हाला वगळलं. आणि आता सायकलवालेच म्हणायला लागले की बरं झालं!

दुसरं, जमिनीची धूप. तुम्ही तो मुद्दा काढला नाही, पण कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. विल्सन आणि सीनी या दोघांनी मोंटानातल्या डोंगरवाटांवर प्रयोग केला होता, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. घोडे, चालणारे, मोटरसायकली आणि सायकली यांच्यामुळे किती माती सुटी होते, ते त्यांनी मोजलं. सर्वांत जास्त घोड्यांमुळे. आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली. त्यामुळे "सायकली वाट खराब करतात" हे वाक्य मला ऐकायचं नाही.

तिसरं, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात खरं. किनाऱ्याला समांतर वाट चालवणं हा वेगळाच खेळ आहे. प्रत्येक ओढा समुद्राला मिळतो तिथं वाट खाली कोसळते आणि लगेच उभी चढते. दर दहा मिनिटांनी गिअर बदल, वजन मागे, वजन पुढे. टेकडीच्या धारेवर तासभर एका लयीत पायडल मारणं याच्या जवळपासही येत नाही. हे मी सोडायचं का? तर म्हणे काटकोनात भेटावं.


पायी पायी:

मी सायकल चालवत नाही, फक्त चालते. तरी लिहिते, कारण विषय आमच्या पायाखालचा आहे.

चाकोरी, तुम्ही उतरलात, त्याबद्दल मनापासून आभार.

खारा वारा, धूप बाजूला ठेवू. तुमचा प्रयोग बरोबरच असेल. माझी अडचण मातीची नाही, आवाजाची आहे. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत, दोन्ही कानांत यंत्र. वारा समोरून असला की मागच्या घंटीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि यंत्रात नुसता घोंघाट होतो. त्यांना सायकल कळते ती कोपराशेजारी आल्यावर. आजवर एकाही सायकलवाल्यानं त्यांना धक्का दिलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. सगळे हळू होते, सगळे "सॉरी" म्हणाले. पण दर वेळी बाबा दचकले आणि दचकून एक पाऊल बाजूला गेले. बाजूला म्हणजे कुठे, ते वर आलंच आहे. दोन वर्षांपासून ते म्हणतात, "तू जा, मी बाकावर बसतो."

आतल्या रुंद वाटेवरही ते दचकतात. पण तिथं एक पाऊल बाजूला गेलं तर गवत असतं.


साखळीतेल:

मी सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे मला हा वाद सायकलीच्या अंगावर दिसतो.

खारा वारा, समांतर वाटेचं सुख मान्य. पण आठवडाभर समुद्राच्या तुषारांत फिरलेली सायकल कधी उघडून बघा. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा भाग आतून ओलाच राहतो. साखळी एका रात्रीत तांबूस होते, ते सगळ्यांना दिसतं. न दिसणारं जास्त वाईट. चाकाच्या तारा ताणून धरणारे ॲल्युमिनियमचे स्पोक-निपल आतून पांढरे पडून पिठासारखे होतात आणि चाक सरळ करायला गेलं की चावीखाली तुटतात. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, असेल तर खाऱ्या पाण्यामुळे दोन धातू एकमेकांना धरून बसतात. एक सीटपोस्ट काढायला मला पूर्ण दुपार लागली होती आणि शेवटी ती कापावीच लागली. मालक शेजारी उभा होता, त्याला डोळ्यांनी बघवत नव्हतं.

म्हणून किनाऱ्यावरून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. बादली आणि फडकं पुरे. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, मीठ आत ढकललं जातं. पुसा, साखळी सुकू द्या, मग तेल. ओलीवर तेल घालू नका. सीटपोस्टला ग्रीस वर्षातून दोनदा.

आणि वाळू. कोरड्या वाळूत साधा २.४ इंची टायर रुततो, हवा कितीही कमी करा. चार इंची फॅट टायर असेल तर गोष्ट वेगळी. साध्या सायकलनं पुळणीवरून जायचंच असेल तर ओहोटीच्या वेळी, पाणी नुकतंच मागे सरकलेल्या घट्ट पट्ट्यावरून. भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा. ओहोटीपासून पुढची भरती साधारण सहा तासांवर असते, आणि उधाणाच्या दिवसांत पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. परतीची वाट पाण्याखाली गेलेले लोक मी पाहिले आहेत. पुळणीच्या मागे, वाळूच्या ढिगांवरून मात्र चालवूच नका. तिथलं गवत वाळू धरून ठेवतं. मुळं तुटली की वारा तिथून वाळू उपसायला लागतो आणि खड्डा वाढत जातो.

पण चाकोरी, आतली वाटही साधीसोपी नाही. साउथ डाउन्सच्या खडूत फ्लिंटचे दगड असतात, त्यांची धार काचेसारखी. टायरच्या बाजूला अशी चीर पडते की सीलंटनं बुजत नाही. आणि पाऊस झाला की ओला खडू साबणासारखा. त्याची लापशी चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं.


बांधावरून:

चाकोरी, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. त्यात शेतं आहेत, खोरं आहे, टेकडीची धार आहे. शेतात राहणारं माणूस कुठेच नाही.

मी ज्या शेतावर राहते त्याच्या मधून हक्काची घोडेवाट जाते. ती आमच्या आधीपासूनची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण "आतून न्या, आत जागा आहे" असं कुणी लिहिलं की वाटतं, समुद्रावरची अडचण उचलून आमच्या अंगणात आणून ठेवली.

एका वसंतात कुणीतरी मधलं फाटक उघडं टाकून गेलं. सायकलचे ताजे ठसे होते, दोघांचे. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. त्या फाटकाची कडी उचलून ओढावी लागते, नाहीतर ती बसल्यासारखी दिसते आणि वाऱ्यानं सुटते. पलीकडच्या कुरणात शेजाऱ्यांचा वळू होता. आमच्या चार कालवडी वर्षाच्याही नव्हत्या. संध्याकाळी मोजल्या तेव्हा सगळं कळलं. तिघी निभावल्या. चौथी लहान चणीची, तिला गाभ राहिला हे आम्हाला उशिरा समजलं. विण्याच्या रात्री पशुवैद्य चार तास होता. वासरू गेलं आणि पहाटे तीही गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

ज्यांनी फाटक उघडं ठेवलं त्यांना हे कधीच कळलेलं नाही. त्यांच्यासाठी तो एक छान रविवार होता.

आणखी एक. वासरं असलेल्या गाईंच्या कळपातून वेगानं जाऊ नका. गाय सायकलला घाबरत नाही, वासराच्या आणि आपल्यामध्ये काहीतरी आलं की ती बिथरते. कळपाला लांबून वळसा घाला, वाट सुटली तरी चालेल. फाटक जसं होतं तसंच ठेवा. उघडं असेल तर उघडंच, कारण पलीकडे पाण्याची टाकी असू शकते. गट असेल तर शेवटच्यानं कडी हलवून बघायची. पुढच्यानं "मागचा लावेल" असं धरून जायचं नाही.


चाकोरी:

बांधावरून, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. शेतं मी देखावा म्हणून लिहिली, हे खरं आहे. माझ्या सगळ्या वाटा कुणाच्या तरी कामाच्या जागेतून जातात आणि तीन फेऱ्यांत मी किती फाटकं हलवून पाहिली, ते आठवायचा प्रयत्न केला. सगळी नक्कीच नाही.

तरी माझं मत तेच आहे, आणि का ते सांगतो. शेतातल्या वाटेवरचा सायकलस्वाराचा दोष शिकवून सुधारता येतो. तुम्ही आत्ताच तीन ओळींत शिकवलात. कड्यावर मी काहीच चुकीचं केलं नव्हतं. हळू होतो, थांबलो होतो. तरीही ती दोघं काठाकडे गेली. तिथं माझं चांगलं वागणं पुरत नाही, कारण वाटेची रुंदीच माझ्या हँडलबारपेक्षा कमी आहे.

खारा वारा, स्कॉटलंडबद्दल. तिथला हक्क मला मान्य आहे, इंग्लंडमध्येही तो यावा असं मला वाटतं. पण त्या हक्काबरोबर जी आचारसंहिता आहे ती सायकलस्वाराला काय सांगते? अरुंद वाटेवर चालणाऱ्याला आधी जाऊ द्या, ओल्या, मऊ जमिनीवर चालवू नका. हक्क असला तरी कुठं चालवायचं आणि कुठं नाही, हे मला ठरवावं लागतंच. मी ते ठरवलं आहे, एवढंच.


खारा वारा:

तुम्ही तुमच्यापुरतं ठरवलंत, मला काही म्हणायचं नाही. पण धाग्याची सुरुवात "सोडावी" अशी आहे, "मी सोडली" अशी नाही. हक्क असून न वापरणं आणि हक्कच नसणं, यांत फरक आहे. पहिल्यात मला शहाणा समजलं जातं.

पायी पायी ताई, तुमच्या वडिलांचं वाचलं. मी घंटी वाजवली की काम झालं असं समजत होतो. समोरच्या वाऱ्याचा विचार केला नव्हता.


लहान चाकं:

मधेच विचारते. नऊ आणि बारा वर्षांची मुलं आहेत, त्यांना समुद्राजवळून न्यायचं आहे. कड्याची छाती नाही आणि विंडओव्हरसारखी चढणही झेपणार नाही. आमच्यासाठी काही आहे का?


साखळीतेल:

आहे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या वाटा शोधा. स्कारबरो ते व्हिटबी ही रेल्वे १८८५ मध्ये सुरू झाली आणि १९६५ मध्ये बंद पडली. रूळ काढले, तिथं आता सिंडर ट्रॅक नावाची वाट आहे, साधारण ३४ किलोमीटर. समुद्र बराच वेळ दिसतो. आगगाडीला उभी चढण चढता येत नव्हती, त्यामुळे चढ लांब पण सौम्य आहेत. रुंदीही पुरेशी. मुलांच्या सायकलींना जाड टायर असू द्या, काही ठिकाणी खडी आणि चिखल असतो.


खारा वारा:

घ्या. समांतर, समुद्र डोळ्यांसमोर आणि शिवाय रुंद. चाकोरी, तुमचा काटकोन इथे कुठे गेला?


उतारवेडा:

वाटा बांधायच्या स्वयंसेवी कामात मी बरीच वर्षं कुदळ मारली आहे. माझ्या मते तुम्ही दोघंही चुकीच्या वाटेवरून भांडताय.

इंग्लंडच्या नैऋत्येची किनारवाट, साउथ वेस्ट कोस्ट पाथ, हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. ती काठाला एवढी चिकटून का जाते? कारण ती तटरक्षकांच्या गस्तीतून तयार झाली. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायची तर प्रत्येक खाडीत, प्रत्येक खोबणीत वाकून बघावं लागायचं. ती वाट प्रवासासाठी नव्हती, डोकावण्यासाठी होती. अशा वाटेवर चाक नेलं की चाकोरींना जे दिसलं ते दिसणारच.

मग चाकासाठी वाट कशी असावी? आमच्याकडे एक साधा नियम पाळतात. उताराच्या बाजूनं आडवी वाट काढायची असेल, तर वाटेची चढण डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी. उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. यापेक्षा उभी काढली की पाणी वाट ओलांडून न जाता वाटेनंच वाहायला लागतं आणि एका पावसाळी हंगामात तिचा ओढा होतो. वाटेला बाहेरच्या बाजूला थोडासा कल द्यायचा, आणि ठरावीक अंतरानं छोटा उलटा चढ, म्हणजे पाणी तिथं थांबून बाहेर पडेल. एवढं केलं की पाऊल काय आणि चाक काय, वाट टिकते. म्हणून खारा वारा, मोंटानाचा तुमचा प्रयोग मला माहीत आहे, पण माझ्या अनुभवात वाट मारतं ते पाणी. वरून कोण गेलं हा प्रश्न त्यानंतरचा.

आता मुद्दा. कडे मागे सरकताहेत. इंग्लंडच्या किनारवाटेच्या नियमांतच तरतूद आहे की कडा ढासळला की वाटही आत सरकवायची. म्हणजे आज ना उद्या बऱ्याच ठिकाणी नवी वाट खोदावी लागणारच. तेव्हा ती काठापासून पुरेशी लांब आणि दोन माणसं, एक सायकल बसेल एवढी रुंद का काढू नये? जुनी, काठाची पाऊलवाट शिल्लक असेपर्यंत चालणाऱ्यांना. मागची, समांतरच, सगळ्यांना. समुद्र दिसेल आणि कुणाला काठाकडे सरकावं लागणार नाही.


बांधावरून:

उतारवेडा, काठापासून लांब म्हणजे कुणाच्या तरी कुरणातून. त्या माणसाला आधी विचारा, नकाशा नंतर काढा. नुसती वाट द्यायची म्हटली तरी दोन बाजूंचं कुंपण आणि जनावरांना पाण्याकडे जायला फाटकं आलीच.


उतारवेडा:

मान्य. कुंपणाचं काम आम्ही करतो, पण विचारायला नेहमी उशीर होतो. एकदा नकाशा घेऊन गेलो तेव्हा शेतकऱ्यानं पहिल्या दोन मिनिटांत दाखवून दिलं की आमची रेषा त्यांच्या एकमेव झऱ्यावरून जातेय.


खारा वारा:

जिथं जागाच नाही तिथं वेळ वाटून घेता येते, हा माझा शेवटचा मोठा मुद्दा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचा हीफी ट्रॅक घ्या. ७८ किलोमीटर, जंगलातून निघून पश्चिम किनाऱ्यावर उतरतो, शेवटी निकाऊ ताडांच्या रांगांतून समुद्राच्या कडेनं. १९९६ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं आणि सायकली बंद झाल्या. २०११ मध्ये पुन्हा सुरू केल्या, पण हंगाम ठरवून. १ मे ते ३० नोव्हेंबर सायकली चालतात. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरपासून, चालणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा नाही. रात्री चालवायला बंदी, कारण तिथल्या मोठ्या मांसाहारी गोगलगायी आणि किवी रात्री बाहेर पडतात. न्यूझीलंडमधल्याच क्वीन शार्लट ट्रॅकवरही तसंच, एका टोकाचा भाग डिसेंबर ते फेब्रुवारी सायकलींना बंद, बाकी वर्षभर खुला.

सरसकट बंदीपेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. अडचण कधी, कुठे आणि कुणाची आहे, हे कुणीतरी बसून पाहिलं आहे.


पायी पायी:

हंगाम वाटून घेणं मला चालेल. बाबांनाही विचारलं, ते म्हणाले, "हिवाळ्यात तसाही मी काठावर जात नाही, त्यांना जाऊ दे."

पण वाटा वेगळ्या केल्या तरी अपमान होतोच असं नाही, हेही सांगायचं आहे. पोर्तुगालच्या नैऋत्य किनाऱ्यावर रोटा विसेंटिनाच्या दोन मुख्य वाटा आहेत. काठाची ती मच्छीमारांची, फक्त पायी. आतली ऐतिहासिक वाट गावं, बुचाच्या झाडांची रानं आणि शेतांमधून जाते, तिथं सायकली चालतात. मी काठाची केली. बराचसा भाग मऊ वाळूचा, माझेच पाय घोट्यापर्यंत जात होते. आणि काबो सार्दाओजवळ समुद्रातल्या सुळक्यांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी. पिल्लांच्या चोचींचा टकटक आवाज वर वाटेपर्यंत येत होता. तिथं आम्ही सगळे चालणारेसुद्धा आपोआप कुजबुजायला लागलो.


चाकोरी:

खारा वारा, सिंडर ट्रॅकपुढे माझा काटकोन टिकत नाही, हे कबूल. रुंद आणि सौम्य समांतर वाट आयती मिळत असेल तर मी आनंदानं जाईन. हीफीसारखी हंगामाची सोय असेल तरीही. जिथं वाट गस्तीची, दोन फुटी आणि वर्षभर वर्दळीची आहे, तिथं मात्र माझं मत तसंच. नवी वाट होईपर्यंत सायकलींनी तिथून जाऊ नये.

बांधावरून, तुमची फाटकाची चार वाक्यं मी आमच्या गटाला जशीच्या तशी पाठवली आहेत.


खारा वारा:

मत माझंही बदललेलं नाही. इंग्लंडचा कायदा चुकीचा आहे, आणि तो बदलेपर्यंत मी हे लिहीत राहणार.

पण ती विंडओव्हरची वाट मी केलेली नाही आणि न करताच तिला कमी लेखलं, हे बरोबर नाही. सप्टेंबरात तीन दिवस मोकळे आहेत. चाकोरी, येता का? विंचेस्टरपासून पूर्ण करू. ॲल्फ्रिस्टनला फाटा फुटतो तिथून तुमच्या वाटेनं. दुसऱ्या दिवशी सायकली ईस्टबोर्नला ठेवून सेव्हन सिस्टर्स पायी करायचे, ही माझी अट.


चाकोरी:

येतो. दोन्ही मान्य.


साखळीतेल:

जाण्याआधी टायर जाड बाजूचे घ्या, ट्यूबलेस करा, एक ट्यूब आणि टायरला आतून लावायला जाड रबराचा तुकडा जवळ ठेवा. फ्लिंटनं चीर पडली तर तोच कामी येतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी निघायची घाई करू नका. माथ्यावरचा खडू वाऱ्यानं दुपारपर्यंत वाळतो, झाडाखालच्या उतारांवर मात्र तो ओलाच असतो, आणि जेव्हिंग्टनकडे उतरताना झाडं आहेत.